स्वतः शोधावें, कीं आप्तास पुसावें?

आंतरजालावरील स्थळाच्या नांवावरून त्याचा अंकांतील पत्ता काढून देणें, हें डीएनएस सर्व्हराचें काम. ही व्यवस्था १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं आंखली. बल्लारपुरांतील एखाद्या शाळेनें असा सर्व्हर ठेवला, तर त्यानें वागावें कसें?

एक मार्ग स्वावलंबनाचा. सर्व्हर प्रथम मूळ सर्व्हरांस पुसतो. त्यांचीं नांवें जगांत तेराच. ते ‘इन’च्या सर्व्हराकडे बोट दाखवितात, आणि तो त्या स्थळाच्या सर्व्हराकडे. पहिल्या खेपेस विलंब लागतो. पण उत्तर मूळ धन्याकडून येतें व नेमल्या मुदतीपर्यंत स्मरणांत राहतें.

दुसरा मार्ग आप्तवाक्याचा. सर्व प्रश्न एका मोठ्या सर्व्हराकडे धाडावयाचे. त्याच्या संग्रहीं उत्तर बहुधा तयारच असतें, म्हणून तें लवकर मिळतें. परंतु आप्त कोण, हें आधीं पारखावयास नको काय? आपलीं मुलें काय काय धुंडाळतात याची वहीच त्याच्या हातीं जाते. आणि तो अडला कीं आपणहि अडतों.

२०१० पासून मूळ सर्व्हरांच्या उत्तरांस सही असते. ज्या स्थळांनीं ती सोय केली आहे, त्यांची सही आपल्याच सर्व्हरानें तपासावी; मार्ग कोणताहि असो. जोडणी मंद असेल तर दोन आप्त नेमावे. बरी असेल तर स्वतःच शोधावें, हें उत्तम.