त्वचेखालील गाठ आणि आपली घाई

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडीसारख्या, कारखानदारीमुळे नाना प्रांतांचे कामगार एकत्र आलेल्या गावच्या दवाखान्यात दंडावर हरभऱ्याएवढी, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ घेऊन एखादा तरुण आला, तर ती चरबीची समजून त्याला परत पाठविणे आणि जंताची शंका येताच अल्बेंडाझोल लिहून मोकळे होणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच गैर होत, हे आमच्या व्यवसायबंधूंपुढे स्पष्टपणे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

डुकराचे अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टीनिया सोलियम हा पट्टकृमी वाढतो. परंतु सिस्टिसर्कोसिसच्या गाठी होतात त्या या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी कृमीधारक माणसाच्या विष्ठेतून अस्वच्छ हातांवाटे वा न धुतलेल्या भाजीपाल्यावाटे कोणाच्याही पोटात जातात. सबब, रुग्ण शाकाहारी आहे एवढ्यावरून हे निदान बाद ठरत नाही. मुख्यत्वे हिंदुस्थानात नोकरी केलेल्या ब्रिटिश सैनिकांमधील ४५० रुग्णांचा जो अभ्यास डिक्सन व लिप्सकोंब यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला, त्यात अपस्माराचे प्राबल्य होते आणि संसर्गानंतर कित्येक वर्षांनीही झटके सुरू झाल्याचे आढळले होते.

म्हणून सोनोग्राफीत द्रवाच्या पिशवीत कृमीच्या डोक्याचा ठळक ठिपका दिसला, म्हणजे तपास संपला असे न मानता झटक्यांची व डोकेदुखीची विचारपूस करावी, नेत्रपटल तपासून घ्यावे आणि मेंदूचे चित्रण करवावे. औषधाने मरणारी अळी भोवती दाह उत्पन्न करते. तो दाह मेंदूत झटके आणतो, डोळ्यात दृष्टी हिरावतो. मेंदूत जिवंत गाठी असल्यास, डोक्यातील दाब वाढलेला नाही याची खात्री करून, दर किलो वजनास रोज १५ मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, दोन मात्रांत विभागून, स्टेरॉइडच्या संरक्षणाखाली रुग्णालयातच द्यावे. गाठ केवळ त्वचेखाली असेल, तर बहुधा औषध लागत नाही. दुखत असल्यास ती काढून टाकणे पुरे होते.

तथापि रुग्ण बरा झाला म्हणजे आपली जबाबदारी फिटली असे नाही. त्याच्या घरात वा खाणावळीत कोणी कृमीधारक आहे काय, याचा शोध घेऊन त्यास निक्लोसामाइड देणे, हेही उपचाराचेच अंग होय. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. तरी पाणी गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी सुधारून २००० साली हा देश नारूमुक्त ठरला. येथे तर औषध हाताशी आहे. उणीव आहे ती रुग्णाबरोबर त्याच्या अन्नाचीही चौकशी करण्याच्या शिस्तीची, आणि ती शिस्त कोणा सरकारी फर्मानाची वाट न पाहता प्रत्येक वैद्याने आपल्या केसपेपरावर आजपासून रुजू करावी.