दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल? मी तरी टाकणार नाही

सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम सुरू करणाऱ्यांसाठी आज एक स्पष्ट मत मांडतो. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याची लॅन केबल टाकू नका. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी नाही.

मी स्वतः टाकली होती, म्हणून सांगतो. लोणारातलं एक लॉज. रिसेप्शन पुढच्या इमारतीत, खोल्या मागच्या, मध्ये मोकळं अंगण. मालक म्हणाले, "भाऊ, पन्नास मीटरच तर आहे, साधी केबल ओढून दे." हिशेबाने चूक नव्हती, लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालतेच. दुपारपर्यंत काम झालं, पैसे हातात आले. जूनमध्ये पहिला गडगडाट झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. स्विच गेला, मागचा राउटर गेला. वीज तर लॉजवर पडलीच नव्हती!

होतं काय, बघा. दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास कुठे वीज पडली की त्या दोन अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि आपण टाकलेली तार त्यांच्यामधला पूल होते. लॅन पोर्टच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, पण त्याची चाचणी 1500 व्होल्टची. विजेपुढे ते काहीच नाही. कोणी म्हणतं, शील्डवाली केबल टाकू. अहो, दोन्ही टोकांना अर्थ केलेली शील्ड म्हणजे करंटला आणखी एक रस्ता. सर्ज प्रोटेक्टरने फरक पडतो, पण त्यालाही चांगलं अर्थिंग लागतं. आपलं विवर ज्या बेसॉल्टमध्ये झालं तोच खडक आपल्या पायाखाली आहे. कोरड्या खडकात अर्थिंग नीट लागत नाही, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी कोण घालतं, सांगा बरं?

फायबरमधून फक्त प्रकाश जातो. काचेला करंटचं काही घेणंदेणं नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर बसवले की झालं. स्प्लायसिंग मशीन पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. गावात फायबर इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याकडे ते असतं, जॉइंटचे पैसे देऊन करून घ्या.

दोन ठिकाणी नवीन माणूस फसतो. एकाच फायबरवर चालणारे कन्व्हर्टर जोडीने घ्यायचे, एक ए आणि एक बी. दोन्ही ए आणले तर लिंक लागणारच नाही. दुसरं, ड्रॉप केबलला ताणासाठी स्टीलची तार असते. ती बाहेरच्या हुकालाच संपवा. तीच आत नेऊन रॅकला बांधली तर तांब्यासारखाच धोका परत घरात. सगळ्यात बरं म्हणजे धातू नसलेली केबल मागा.

केबल महावितरणच्या खांबाला बांधू नका. रस्ता ओलांडायचा असेल तर आधी नगरपरिषदेत विचारा. आणि दैत्यसूदन मंदिरासारख्या संरक्षित स्मारकाजवळ काम असेल तर खोदण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा. स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आपलं काम त्यात मोडतं की नाही, हे तेच सांगतील.

आता कोटेशनचं. पूर्वी मी दोन भाव द्यायचो, तांब्याचा आणि फायबरचा. बहुतेकजण स्वस्त तेच घ्यायचे, आणि पावसाळ्यात फोन मलाच यायचा. आता मी एकच भाव देतो. काही कामं जातात, ती जाऊ देतो. त्या लॉजवर नंतर फायबर टाकलं, स्विच आणि राउटरचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. पहिल्या कामात जे उरलं होतं, ते सगळं त्यातच गेलं.