तालवादकाची बेताल मिळकत

लंडन सिम्फनी, लंडन फिलहार्मोनिक, फिलहार्मोनिया आणि रॉयल फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदांतील वादक मासिक वेतनावरचे नोकर नसतात, हे ऐकून आपल्याकडील रसिकांना आश्चर्य वाटेल. कायद्याच्या लेखी ते स्वयंरोजगारी असतात. त्यातही सभासद नसलेल्या, केवळ गरजेपुरते बोलावणे येणाऱ्या तालवादकाची स्थिती अधिकच अनिश्चित. मोझार्टच्या सिम्फनीत तालवाद्य असलेच तर टिंपनीची जोडी पुरते. माहलरच्या सहाव्या सिम्फनीला मात्र झांजा, झायलोफोन, गायींच्या गळ्यातील घंटा आणि चक्क हातोडाही लागतो. कार्यक्रमात कोणती रचना आहे, यावर त्याची त्या आठवड्याची मिळकत ठरते. ब्रिटनमधील वादकांच्या २०२३ च्या गणनेत संगीतातून होणारे सरासरी वार्षिक उत्पन्न २०,७०० पौंड एवढेच आढळले.

साहजिकच असे अनेक वादक शाळांतून शिकवतात. परंतु दोन डगरींवर हात ठेवण्याची ही खबरदारीच २०२० मध्ये कित्येकांच्या अंगाशी आली. करोनाकाळात सभागृहे बंद झाली, तेव्हा सरकारने स्वयंरोजगारितांना अनुदान दिले; मात्र किमान निम्मे उत्पन्न स्वयंरोजगारातून असावे, अशी अट घातली. शाळेचा पगार निम्म्याहून किंचित जास्त भरला, की बुडालेल्या मानधनापोटी छदामही मिळत नसे.

शिकवण्याची बाजूही भक्कम नाही. वर्षातील काही आठवडेच काम असले, तरी करार वर्षभराचा असल्यास पूर्ण ५.६ आठवड्यांची पगारी रजा दिली पाहिजे, असा निकाल जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका संगीत शिक्षिकेच्या खटल्यात दिला. सरकारने नियमच बदलले. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी अशा कर्मचाऱ्यांची रजा प्रत्यक्ष कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के, या हिशेबावर आली. न्यायालयात कमावलेले नियमावलीत गमावले गेले.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वा’वर राबणाऱ्या प्राध्यापकांना हा हिशेब परका वाटू नये. माणूस एक तर नोकर असतो किंवा स्वतंत्र व्यावसायिक, असे कायदा गृहीत धरतो; प्रत्यक्षात तो सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. दोन्ही उत्पन्ने एकत्र धरून संरक्षण मिळाले नाही, तर दोन कामे करणारा दोन्हीकडून उघडा पडतो. वाद्यवृंदात विरामाच्या मात्राही वादनातच मोजल्या जातात. धोरणकर्त्यांनी एवढा तरी ताल सांभाळायला हवा.