शेवटचं प्लॅनिंग

वीकेंडला पाली दरवाज्याने राजगड करायचा, तर आठवडाभर आधी ग्रुपमध्ये याद्या फिरतात. टॉर्च कुणाकडे, पाणी किती, गाडी कुणाची. पण शेवटच्या आजारपणाचं प्लॅनिंग म्हटलं, की 'शुभ बोल ना!'

अरुणा शानबाग आठवते? मुंबईच्या केईएममधली तरुण नर्स. नोव्हेंबर १९७३मध्ये तिच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ला ती गेली. पिंकी विरानी म्हणाल्या, तिची सुटका करा. तिला जिवापाड जपणाऱ्या केईएमच्या नर्सेस म्हणाल्या, नाही. २०११मध्ये सुप्रीम कोर्टाने नर्सेसचं ऐकलं. माया दोन्हीकडे होती. अरुणाला काय हवंय, हे मात्र कुणालाच विचारता आलं नाही.

आपल्याला ते लिहून ठेवता येतं. लिव्हिंग विल! सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३मध्ये नियम सोपे केले. वय १८ पूर्ण, दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, ते लिहायचं. प्रत त्यांना, फॅमिली डॉक्टरला आणि महापालिकेला. पालीसारख्या गावात पंचायतीला. घाबरू नका, उपचार थांबवण्याआधी दोन मेडिकल बोर्ड केस तपासतात. मत बदललं तर विलही बदलता येतं.

कागद सोपा आहे. खरा चढ म्हणजे आई-बाबांशी बोलणं. पण आयसीयूबाहेर धाकट्या भावाने अंदाजाने ठरवण्यापेक्षा, रविवारी पोहे खाता खाता विषय काढलेला बरा. आणि हो, आधी स्वतःचं सांगा, मग त्यांचं विचारा!