पेशीच्या आकृतीतील मोकळी जागा

गालाच्या आतून काडीने अलगद खरवडायचे, काचपट्टीवर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. हा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. मग वहीत आकृती: एक वेडावाकडा गोल, मध्ये केंद्रकाचा ठिपका आणि उरलेल्या जागेत 'पेशीद्रव्य' हे नाव. पैकीच्या पैकी गुणही मिळाले असतील. माझी तक्रार आहे ती याच आकृतीबद्दल. त्या मोकळ्या जागेत केरॅटिन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते, आणि ते आपण काढतच नाही.

हा तंतू सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून नाही, असे थोडेच आहे? रंग टाकेपर्यंत केंद्रक तरी कुठे नीट दिसत होते!

कोणी म्हणेल, चार रेघा वाढवा म्हणजे झाले. तसे नाही. हे जाळे घराच्या वाशांसारखे एकदा बसवून संपत नाही. जेलीफिशमधील चकाकणारे प्रथिन केरॅटिनला जोडून शास्त्रज्ञांनी जिवंत अभिस्तर पेशींचे चित्रण केले. तेव्हा दिसले ते असे: पेशीच्या कडेजवळ केरॅटिनचे बारीक कण तयार होतात, लांबतात, जाळ्याला जुळतात आणि हळूहळू केंद्रकाकडे सरकतात. वाटेत काही तंतू सुटे होऊन पेशीद्रव्यात विरघळतात. तेच घटक कडेला पोचून पुन्हा नव्या कणांत वापरले जातात. जर्मनीतील आखेन येथील रुडॉल्फ लॉइबे व त्यांचे सहकारी याला 'केरॅटिन चक्र' म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? गुडघा खरचटला की कडेच्या पेशी जखमेवर सरकत येतात. ताठ, न बदलणारे जाळे घेऊन त्या सरकणार कशा? आणि जाळेच कच्चे असेल तर? त्वचेच्या तळच्या थरातील केरॅटिन ५ किंवा १४ यांच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना नुसत्या घासण्यानेही फोड येतात. या दुखण्याचे मूळ केरॅटिनच्या जनुकात आहे, हे १९९१ मध्ये उघड झाले. आपण मोकळी सोडतो त्या जागेतच त्यांचे दुखणे आहे.

म्हणून पुढच्या वेळी आकृतीत तंतू काढा, आणि कडेकडून केंद्रकाकडे जाणारा एक बाणही. शिक्षकांनी त्या बाणाबद्दल गुण कापू नयेत, एवढीच विनंती.