एक पेटी कीं दोन ?

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां इंटरनेटची तार येऊन पोंचली आहे. केंद्र सरकारनें २०११ सालीं ग्रामपंचायतींपर्यंत कांचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नांवानें ओळखली जाते. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानें आपली पीकपाहणी स्वतः मोबाईलवर नोंदविण्याची पद्धति सुरू झाली. सातबाराचा उतारा, पीकविमा, बाजारभाव, मुलांचे प्रवेश-अर्ज, सर्व कांहीं या तारेवर येऊन ठेपलें आहे. असें असतां, कंपनीचा माणूस भिंतीवर जी पेटी ठोकून जाईल ती आपण निमूटपणें मान्य करतों. मोडेम व राउटर हीं दोन कामें एकाच पेटींत असावींत कीं निरनिराळ्या पेट्यांत, हा प्रश्न आधीं विचारावा असें कोणास वाटत नाहीं.

प्रथम हीं दोन कामें काय आहेत तें पाहूं. मोडेम हा दुभाष्या होय. तारेंतून येणारी भाषा आपल्या संगणकास कळत नाहीं. ती त्यास कळेल अशी करून देणें व आपलें म्हणणें तारेच्या भाषेंत परत पाठविणें, एवढाच त्याचा व्यवसाय. तांब्याच्या टेलिफोन-तारेवर हें काम मोडेम करतो. कांचतंतूवर प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारी पेटी असते. तिला ‘ओएनटी’ म्हणतात, परंतु घरोघर तिलाही मोडेमच म्हणण्याची चाल आहे. राउटर हा गांवचा कोतवाल होय. चावडीवर आलेला कागद कोणाच्या दारीं न्यावयाचा हें तो जाणतो. घरगुती राउटरांत वायफाय, म्हणजे बिनतारी संकेत पसरविण्याची सोयही असते.

एकत्र पेटीचे फायदे उघड आहेत. जागा एक, विजेचें बटण एक, आणि तक्रार कोणाकडे न्यावयाची याचा घोळ नाहीं. दहा वॅटचें एक जादा यंत्र अहोरात्र चाललें तर महिन्यास सुमारें ७ युनिट वीज अधिक जाते, हेंही लक्षांत घ्यावें. ज्याचें घर दोन-तीन खोल्यांचें आहे व घरांत फोन तीन-चारच आहेत, त्यानें दुसऱ्या पेटीचा खर्च उगाच करूं नये.

परंतु आम्हां कास्तकारांचीं घरें तशीं नसतात. तार बहुधा ओसरीच्या कोपऱ्यांतून आंत शिरते व पेटी तेथेंच बसते. तेथून संकेत दगडी भिंती ओलांडून माजघरांत जाईतों अर्धमेला होतो. गोठा व गोदाम तर दूरच. २.४ गिगाहर्ट्झच्या संकेताचा पल्ला लांब पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग मोठा, पण भिंतीपुढें तो लवकर हात टेकतो. राउटर वेगळा असेल तर मोडेम ओसरींत ठेवून साध्या जाळे-तारेनें राउटर घराच्या मध्यावर नेतां येतो. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते.

आतां माझा स्वतःचा अनुभव सांगतों. आमच्या वाडीवर डोंगराच्या आडोशामुळें मोबाईलचा संकेत येत नाहीं. सारी भिस्त घरच्या तारेवर. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एकत्र पेटीचा वायफायचा भाग निकामी झाला. तारेचा दिवा स्वच्छ जळत होता, म्हणजे दुभाष्या शाबूत, कोतवाल मात्र आजारी. पेटी कंपनीची असल्यानें मला ती उघडतां येईना कीं बदलतां येईना. नवी पेटी येण्यास नऊ दिवस लागले. त्याच नऊ दिवसांत मुलीच्या प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख होती. भर पावसांत मुलीस घेऊन तालुक्यास जावें लागलें व अर्ज मुदतीच्या अवघा एक तास आधीं दाखल झाला. राउटर माझा असता, तर बाजाराच्या गांवीं जाऊन त्याच दिवशीं दुसरा आणला असता.

तथापि दोन पेट्या घेणारानें एक चूक टाळावी. कांचतंतूची पेटी कंपनीच्या दप्तरीं नोंदलेली असते; ती मनास येईल तेथून विकत आणून चालत नाहीं. म्हणून ती कंपनीचीच राहूं द्यावी व आपण फक्त राउटर घ्यावा. कंपनीच्या पेटींतही राउटर असेल, तर ती ‘ब्रिज’ पद्धतीवर, म्हणजे केवळ दुभाष्याच्या कामावर, ठेवण्यास सांगावें. नाहींतर एका गांवांत दोन कोतवाल होतात व कॅमेऱ्यासारखीं उपकरणें बाहेरून पाहण्यास अडचण येऊं शकते. पेटी एक असो वा दोन, कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. २०१६ सालीं ‘मिराय’ नामक घातक प्रोग्रॅमनें असा शब्द न बदललेलीं लक्षावधि उपकरणें काबीज केलीं होतीं. वीज गेल्यावरही काम चालावें असें वाटत असेल, तर दोन्ही पेट्यांस बॅटरीचा आधार हवा. एकीसच देऊन उपयोग नाहीं.

महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ मीं लेखणी चालविली. तेथें रोकड घेणारा हात व हिशेब तपासणारा हात निराळा ठेवीत. त्यांत कोणाचा अविश्वास नव्हता. चूक निघाली तर ती कोठें झाली हें तत्काळ कळावें, एवढाच हेतु. घरच्या तारेसही तोच न्याय लागू आहे. लहान घरास एक पेटी पुरे. पण ज्याचें घर, गोदाम व मुलांचें शिक्षण या एका तारेवर अवलंबून आहे, त्यानें राउटर आपला व वेगळा ठेवावा, असें माझें स्पष्ट मत आहे. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.