घरगुती यंत्रें व त्यांची निगा : कुट्टीयंत्राची सोंड अडते तेव्हां

मागील अंकांत विहिरीवरील पंपाचा विचार झाला; या खेपेस गोठ्याकडे वळावयाचें आम्ही योजिलें आहे. नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजे १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या खानदेशाच्या या भागांत, ज्या कुटुंबांची शेती आहे त्यांचा एक भाऊ पुण्यास वकिली करीत असेल, दुसरा नंदुरबारास शिक्षक असेल, तरी तिसऱ्या भावाच्या गोठ्यांतील गाई-म्हशींच्या वैरणीचा प्रश्न साऱ्या घराचाच असतो. ज्वारीचा कडबा, मका आणि शहाद्याकडे उसाचें वाढें ही येथील नेहमींची वैरण. अखंड कडबा जनावरापुढें टाकला, तर तें पाला तेवढा ओरबाडून खातें आणि धाटें पायदळीं तुडवितें. तोच कडबा बोटाच्या पेराएवढा कापून घातला म्हणजे धाटासकट पोटांत जातो. वैरणीची ही बचत डोळ्यांना दिसण्यासारखी असल्यामुळें कडबाकुट्टीचें यंत्र आतां पुष्कळ गोठ्यांत आलें आहे. तें घेतांना किमतीची चौकशी सर्वजण करतात. तें अडलें असतां काय करावें, ही चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. आजचा लेख त्या चौकशीसाठीं आहे.

हातानें फिरवावयाच्या यंत्रांत एका जड चाकाला पातीं बसविलेलीं असतात. कापलेली वैरण खालीं पडते आणि काम तेथेंच संपतें. विजेच्या, वैरण दूर फेकणाऱ्या यंत्रांत त्याच चाकाला पंखेहि जोडलेले असतात. पातीं वैरण कापतात, पंखे तिला फटका देतात, आणि चाकाभोंवतीच्या पत्र्याच्या कवचांतून वर निघालेल्या वांकड्या नळांतून ती ढिगावर जाऊन पडते. हत्तीच्या सोंडेसारखा दिसणारा हा जो नळ, त्यालाच आम्ही या लेखांत सोंड म्हटलें आहे. तिच्या मुळाशीं एक कडें असतें. तें सैल केलें म्हणजे सोंड हव्या त्या दिशेस फिरवितां येते. ही सोंड दोन प्रकारांनीं अडते. एक तर ती आंतून तुंबते, किंवा मुळाशीं घट्ट धरून बसते. पहिला प्रकार नित्याचा व अधिक धोक्याचा आहे. म्हणून त्याचा विचार आधीं करूं.

सोंडेंतून वैरण जाते ती मुख्यतः पंख्यानें दिलेल्या फटक्याच्या वेगानें. तेव्हां जें जें कारण हा वेग कमी करील किंवा वैरणीचा चिकटपणा वाढवील, तें तें सोंड तुंबण्याचें कारण होय. हिरवा मका व उसाचें वाढें यांत रस असतो; तो पत्र्याला लागतो, त्यावर बारीक भुसा बसतो आणि दिवसेंदिवस पुटावर पूट चढून आंतील वाट अरुंद होते. पातीं बोथट झालीं म्हणजे तीं धाट कापीत नाहींत, चिंबून फाडतात. असे लांब तंतू एकमेकांत गुंतून सोंडेच्या वांकणावर गोळा होतात. पट्टा सैल असला अथवा विजेचा दाब उतरला, तर चाक मंदावतें. कापण्याइतका जोर त्यांत उरतो, पण फेकण्याइतका उरत नाहीं. चौथें कारण माणसाच्या घाईचें आहे. शेतीची वीज ठरावीक तासांनींच यावयाची. ती जाण्यापूर्वीं काम उरकावें म्हणून पेंढीवर पेंढी आंत लोटली जाते. पांचवें कारण त्याहूनहि साधें : वैरण आंत असतांनाच यंत्र बंद करणें. वर चढत असलेली कुट्टी त्याच क्षणीं खालीं बसते, आणि दुसऱ्या दिवशीं तिचा दाबलेला गठ्ठा वाट अडवून बसलेला आढळतो.

तुंबण्यापूर्वीं यंत्र सूचना देतें. पहिली सूचना ढिगाची : लांब पडणारी कुट्टी हळूहळू जवळ पडूं लागते. दुसरी आवाजाची : मोटारीचा सूर जड होतो. तिसरी सूचना तोंडाकडची : भुसा वैरण घालणाराच्या अंगावर परत येऊं लागतो. पहिली सूचना मिळतांच वैरण घालणें थांबवावें आणि यंत्र तसेंच रिकामें चालूं द्यावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच सोंड मोकळी होते. तिसऱ्या सूचनेपर्यंत थांबलें, तर मात्र पुढील सर्व खटाटोप करावाच लागतो.

हा खटाटोप कोणत्या क्रमानें करावा, हें आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगतों. कारण येथें क्रमालाच महत्त्व आहे. प्रथम बटन बंद करावें, आणि तेवढ्यावर न थांबतां मुख्य खटका पाडून फ्यूज काढून घ्यावा. काम करणारानेंच तो आपल्या खिशांत ठेवावा. ही खबरदारी कित्येकांना अतिरेकाची वाटेल. पण यंत्र तुंबलेलें असतांनाच वीज गेली, बटन तसेंच चालूं राहिलें, आणि सोंड साफ करीत असतां वीज परत आली, तर काय होईल याचा विचार करावा. ज्या गांवीं वीज न सांगतां जाते, त्या गांवीं ती न सांगतां येतेहि.

दुसरी गोष्ट, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. तें जड असल्यामुळें वीज तोडल्यावरहि कांहीं वेळ फिरत राहतें, आणि कवचाआड असल्यामुळें फिरतांना दिसत नाहीं. आवाज थांबला म्हणजे चाक थांबलें, असें समजूं नये. तिसरी गोष्ट, पट्टा उतरवावा. गठ्ठ्यामुळें चाक अडून राहिलें असतां पट्ट्यांत ताण सांठलेला असतो. गठ्ठा निघतांच तो ताण सुटून चाक एकदम झटका घेऊं शकतें. बोट तुटावयास तेवढा झटका पुरे होतो. पट्टा उतरविल्यावर चाकाच्या आऱ्यांत लाकडी ठोकळा अडकवावा, म्हणजे तें हलणार नाहीं.

एवढें झाल्यावरच सोंडेला हात लावावा, आणि तोहि बाहेरून. सोंड खिळ्यांनीं किंवा बोल्टांनीं बसविलेली असल्यास ती उतरवून जमिनीवर साफ करणें सर्वांत चांगलें. उतरत नसल्यास तिच्या वरच्या तोंडांतून लांब लाकडी काठी घालून गठ्ठा थोडा थोडा मोकळा करावा. काठीच घ्यावी, पहार किंवा सळई घेऊं नये. लोखंडानें पात्याची धार जाते, आणि चुकून चाक फिरलेंच तर काठी मोडते, पण सळई माणसाकडे फेकली जाते. वांकणावरचा गठ्ठा निघाल्यावर कवचाचें झाकण उघडून खालचा भुसा काठीनें व झाडणीनेंच काढावा. कित्येक दिवस अडकून आंबलेली किंवा बुरसटलेली कुट्टी गव्हाणींत टाकूं नये. ती उकिरड्यावर जावी.

वाट मोकळी झाली, तरी तुंबण्याचें कारण कायम असेल तर दोन दिवसांत पुन्हां तोच प्रसंग येईल. म्हणून सोंडेची आंतील बाजू ओल्या फडक्यानें पुसून वाळवावी, गंज असल्यास कांचकागदानें घासून गुळगुळीत करावी, आणि खाद्य तेलाचा पातळ हात फिरवावा. मोटारींतून काढलेलें काळें तेल वापरूं नये. तें शेवटीं जनावराच्या पोटांत जातें. पात्यांना धार लावून घ्यावी, व तीं सारख्या वजनाचीं राहतील असें पाहावें. फिरतें पातें आणि खालची स्थिर पट्टी यांमध्यें फट फार असतां कामा नये. चाक पट्ट्याच्या बाजूनें हातानें हळू फिरवून कागदाचा कपटा मध्यें धरून पाहावा, मात्र तो लांब चिमट्यानें धरावा; कागद स्वच्छ कापला गेला तर ठीक, दुमडला तर फट जास्त आहे. पात्यांचे बोल्ट शेवटीं पुन्हां आवळावे. नंतर ठोकळा काढून चाकाचा एक पूर्ण फेरा हातानें देऊन पाहावा, मग पट्टा चढवावा, झाकण लावावें आणि यंत्र प्रथम रिकामें चालवावें. आरंभीं सुका कडबा घालून मग हिरवी वैरण सुक्याबरोबर मिसळून घातली, म्हणजे सुका कडबा ओल्या रसाचें पूट खरडून नेतो. काम संपल्यावर सोंडेंतून कांहीं येईनासें होईपर्यंत यंत्र रिकामें चालवून मगच बंद करण्याची संवय ठेवावी.

दुसरा प्रकार सोंड न फिरण्याचा. कड्याच्या सांध्यांत भुसा, धूळ व जुनें वंगण यांचा लगदा वाळून दगडासारखा होतो, आणि पावसाळ्यानंतर त्यांत गंजाची भर पडते. अशा वेळीं सोंडेला लोंबकळून ती फिरविण्याचा यत्न करूं नये. पत्रा मुरगळतो, कडें लंबगोल होतें आणि सोंड कायमची निकामी होते. वीज तोडून कड्याचे बोल्ट सैल करावे, सांध्यांत थोडें घासलेट सोडून कांहीं तास जाऊं द्यावे, व लाकडी मोगरीनें सभोंवार हलके ठोके द्यावे. कडें सुटल्यावर लगदा खरवडून, घासलेट पुसून काढून, वंगणाचा अगदीं पातळ थर द्यावा. जाड थर दिला, तर तोच नव्या भुशाला धरून ठेवतो.

हा विकार आपल्याकडचाच आहे असें नाहीं. उत्तर अमेरिकेंत थंडींत दारापुढें सांचणारें बर्फ फेकण्याचें यंत्र असतें. तेथें राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तें चांगलें परिचयाचें आहे. त्याचीहि रचना अशीच : फिरता पंखा आणि वर वांकडी सोंड. ओलें, जड बर्फ पडलें कीं ती सोंड तुंबते, आणि आंत हात घालून बोटें गमावण्याचे अपघात तेथेंहि होतात. तेथील हाताचे शस्त्रवैद्य दर हिंवाळ्यांत याविषयीं लोकांना बजावतात. आणि पुष्कळ कारखानदार सोंड साफ करण्याची एक काठी यंत्रालाच अडकवून देतात. ही युक्ति आपण फुकट घेऊं शकतों. दोन हात लांबीची एक काठी दोरीनें यंत्राला बांधून ठेवावी. जी वस्तु हाताशीं असते तीच माणूस वापरतो. काठी हाताशीं नसली, तर तो हात वापरतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला तिच्याकडे येतों. यंत्र विकत घेणारा हात एक असतो, आणि तुंबलेल्या सोंडेंत जाणारा हात बहुधा दुसराच असतो. तो गड्याचा असतो, गोठा झाडणाऱ्या बाईचा असतो, कधीं तिच्याबरोबर आलेल्या मुलाचा असतो. धन्याची घाई, "अजून झालें नाहीं का?" असा ओसरीवरून आलेला प्रश्न, आणि विजेचे संपत आलेले तास, या तिन्हींचा भार त्या हातावर पडतो. फ्यूज काढावा, पट्टा उतरवावा, यांत पाव तास जातो. तो पाव तास देण्याचा अधिकार गड्याला नसतो, धन्याला असतो. मजुरीवर जगणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला, म्हणजे साऱ्या घराची मिळकत गेली. मळणीयंत्रांत हात गमावण्याचे प्रकार वाढले, तेव्हां १९८३ सालीं संसदेनें धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणीयंत्राचें वैरण घालण्याचें तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब असावें व त्यांतील ४५ सेंटिमीटर भाग झांकलेला असावा, असें भारतीय मानकांत ठरविलेलें आहे. हेतु हा कीं हात पात्यापर्यंत पोंचूंच नये. कुट्टीयंत्र घेतांनाहि हाच हेतु मनांत धरून तोंड मोजून पाहावें, आणि तें आंखूड असल्यास गांवच्या लोहाराकडून पत्रा जोडून घ्यावा.

पण कायदा गोठ्यांत उभा राहत नाहीं. तेथें घरच्यांनींच उभें राहिलें पाहिजे. म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींनीं कांहीं नियम घरांत एकदां बोलून ठरवावे, असें आम्ही सुचवितों. यंत्राजवळ मुलांनीं जावयाचें नाहीं. पदर खोंचलेला, धोतराचा सोगा बांधलेला असल्यावांचून आणि सैल उपरणें काढून ठेवल्यावांचून यंत्रापुढें उभें राहावयाचें नाहीं. रात्रीं पुरेसा उजेड नसेल, तर तुंबलेली सोंड सकाळपर्यंत तशीच राहील. एक रात्र जनावरें अखंड कडबा खातील, त्यांत कांहीं बिघडत नाहीं. आणि यंत्र अडलें म्हणून काम थांबविणाऱ्या गड्याला कोणीहि बोल लावावयाचा नाहीं.

इतकेंहि करून अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, तंबाखू, चुना यांपैकीं कांहीं लावूं नये. तुटलेलें बोट स्वच्छ ओलसर कापडांत गुंडाळून पिशवींत घालावें, ती पिशवी बर्फांत ठेवावी, बोटाला बर्फ थेट लावूं नये, आणि क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. धडगांव-अक्कलकुव्याकडील डोंगराळ भागांतून मोठ्या रुग्णालयापर्यंतची वाट लांबची आहे. वाहन कोणाचें व कोठून मिळेल, हें आधींच माहीत करून ठेवणें शहाणपणाचें.

या महिन्यांत आपल्या शेतावर जाणें होईल तेव्हां वाचकांनीं दोन गोष्टी पाहाव्या. यंत्राला काठी बांधलेली आहे कीं नाहीं, आणि सोंड तुंबली असतां ती कोण व कशी साफ करतो. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर धन्याला देतां येत नसेल, तर तें गड्याला विचारावें, आणि तो सांगेल तें शांतपणें ऐकून घ्यावें.